बेटी डेव्हिसचा 1974 चा अल्बम, अडकलेलं पार्सल आणि ‘किंमत कमी दाखवलीत’

‘अमेरिकेतून फंक गायिका बेटी डेव्हिसच्या दुसऱ्या अल्बमची जुनी मूळ प्रत मागवली, आता पार्सल कस्टम्समध्ये अडकलंय, किंमत कमी दाखवली म्हणतात, वाढीव ड्यूटी भरू की सोडून देऊ? तसाही मला पहिलाच जास्त आवडतो.’ तुमचं हे वाचलं आणि जुनं दुखणं उपटलं. तोच अल्बम, तेच वाक्य. बिल, पैसे पाठवल्याचा पुरावा, केवायसी हे सगळं तुम्ही दिलंच असणार, त्यात शिरत नाही.

आधी शेवटच्या वाक्याबद्दल भांडून घेतो. पहिला अल्बम (1973) कानाला चटकन लागतो हे खरं. निर्माता ग्रेग एरिको, बेसवर लॅरी ग्रॅहम, दोघेही फंकवाल्या स्लाय स्टोनच्या बँडमधले. मागे कोरसला पॉइंटर सिस्टर्स. अशी माणसं असल्यावर रेकॉर्ड वाजणारच. दुसऱ्या, म्हणजे तुमच्या ‘दे से आय’म डिफरंट’मध्ये मात्र निर्मातीही तीच, गाणी सगळी तिचीच. 1974 मध्ये एका कृष्णवर्णीय बाईने फंकचा अख्खा अल्बम स्वतः लिहून स्वतः निर्माण करणं ही दुर्मिळ गोष्ट होती. आवाज कोरडा ठेवलाय, गिटार-बेस टोकदार, आणि गळा मुद्दाम खरवडलेला. सोल गायिका अरीथा फ्रँकलिन ऐकून इकडे आलेले दचकतात. दचका, पण शीर्षकगीत नीट ऐका: एल्मोर जेम्सपासून पुढे ब्लूजवाल्यांची नावं ती एकामागून एक घेत जाते. नॉर्थ कॅरोलिनात आजीच्या घरी ऐकलेल्या रेकॉर्डींचं ते ऋण आहे. शेवटचं ‘स्पेशल पीपल’ ऐकल्यावर ती हळुवार गाऊ शकते की नाही हा वादही मिटतो. आणि जाझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसची एके काळची बायको म्हणून ऐकू नका, लग्न जेमतेम वर्षभर टिकलं होतं. (हे माझं मत, इथले जाझवाले तुटून पडतील, पडोत.)

अल्बम तेव्हा खपला नाही, रेडिओने उचलला नाही. जस्ट सनशाइन हे रेकॉर्ड लेबल वुडस्टॉक संगीत महोत्सव भरवणाऱ्या मायकल लँगचं, तेही फार चाललं नाही. म्हणून मूळ प्रती थोड्या, म्हणून भाव चढे, आणि म्हणूनच आपल्यासारख्यांच्या पार्सलावर संशय.

माझ्या वेळी काय झालं ते सांगतो. कार्यालयाचं नाव घेत नाही, ज्यांचं पार्सल तिथून आलंय ते ओळखतील. टेबलावरच्या साहेबांनी बिल बाजूला सरकवलं, मोबाइलवर अल्बमचं नाव टाकलं आणि वर आलेली पहिली किंमत धरली. ती होती सील न फोडलेल्या प्रतीची! माझी प्रत व्हीजी, म्हणजे बऱ्यापैकी वाजवलेली, कव्हरवर कुणाच्या तरी पेनाची सही. ग्रेडिंग, म्हणजे प्रतीच्या अवस्थेची प्रतवारी, समजावून सांगायला गेलो तर ‘रेकॉर्ड ती रेकॉर्ड’ असं उत्तर. बँकेचं स्टेटमेंट दाखवलं, तर ‘ते कुणीही आणतं’. नवा कागद नेला की आणखी एक कागद कमी पडायचा, आणि कुठला ते पुढच्या खेपेला कळायचं. गोदामाचं भाडं मात्र रोज न चुकता वाढत होतं.

मी वकील नाही, कस्टम एजंटही नाही, तेव्हा पुढचं तपासून घ्या. सीमाशुल्क कायदा 1962, कलम 14: मूल्य धरायचं ते मुळात प्रत्यक्ष दिलेल्या किमतीवरून. अधिकाऱ्याला शंका घेण्याचा हक्क आहेच. मूल्यांकनाच्या 2007 च्या नियमांत नियम 12 तेवढ्यासाठीच आहे. पण त्याच नियमात असंही आहे की आयातदाराने मागितलं तर शंकेची कारणं लेखी द्यावी लागतात. हे मला कोणी सांगितलं नाही, नंतर वाचनात आलं. तोंडी वाद घालू नका. साधा अर्ज लिहा: दिलेली किंमत, प्रतीची ग्रेड, विक्रेत्याच्या पानाचा स्क्रीनशॉट, त्याच ग्रेडच्या दोन-तीन प्रती नुकत्याच किती किमतीला विकल्या गेल्या ते (डिसकॉग्ज या रेकॉर्ड खरेदी-विक्रीच्या वेबसाइटवर विक्रीचा इतिहास दिसतो), आणि शेवटी ‘नियम 12 प्रमाणे कारणं लेखी मिळावीत’. पोच घेतल्याशिवाय हलू नका. फोनवर बघून ठरवलेली किंमत कागदावर उतरवायची म्हटल्यावर बरेच जण सावध होतात.

सोडून देऊ नका. भाडं फरकाच्या रकमेपेक्षा वर जायला लागलं तर भरा, पण ‘निषेध नोंदवून भरत आहे’ असं लिहून. तसं भरलं तर परतावा मागायची एक वर्षाची मर्यादा आड येत नाही. अपील 60 दिवसांत करता येतं. आता दोन-तीन हजारांसाठी अपिलात कोण जातं हा प्रश्न आहेच, मी तरी गेलो नाही. आकारणीच्या कागदावर शीर्ष (वस्तूचा प्रकार सांगणारा शुल्क-क्रमांक) कोणतं लावलंय तेही बघा. ग्रामोफोन रेकॉर्ड 8523 मध्ये येतात, वैयक्तिक आयात म्हणून 9804 लावलं की दर वेगळा पडतो. दर बदलत राहतात म्हणून आकडे देत नाही.

आणि इथे दर आठवड्याला कोणीतरी सल्ला देतं की विक्रेत्याला ‘गिफ्ट’ लिहायला सांगा. कृपा करून नको. भेटवस्तूची ती सवलत डिसेंबर 2019 मध्येच गेली, आणि खोटी किंमत लिहिलेला कागद हातात असताना कलम 14 कुठल्या तोंडाने सांगणार?

पुढच्या वेळी मला विचाराल तर मूळ प्रतीच्या मागे लागूच नका. सिॲटलच्या लाइट इन द ॲटिक या लेबलने 2007 मध्ये बेटीच्या सहमतीने हे दोन्ही अल्बम परत काढले, 2023 मध्ये पुन्हा. प्रत नवी, बिल सरळ, ग्रेडचा वाद नाही. इतकी वर्षं जुन्या प्रतींच्या चढ्या भावातून बेटीला काय मिळालं असेल, हाही विचार करा. 2022 मध्ये ती गेली. मूळ कव्हर हवंच असेल तर गोष्ट वेगळी, त्या वेडाला औषध नाही, मलाही लागलेलं नाही.

एक जाता जाता: विक्रेत्याला रेकॉर्ड कव्हरच्या बाहेर, वेगळ्या पाकिटात ठेवून पाठवायला सांगा. नाहीतर प्रवासात आतून धक्के बसून कव्हरची शिवण फाटते. तुमचं सुटलं की पेटी उघडतानाचा व्हिडिओ काढा, कारण माझ्या पेटीवर तपासणीची सुरी थेट कव्हरच्या कडेपर्यंत गेली होती आणि त्याची तक्रार कुठे करायची, हे त्या कार्यालयात कोणालाच माहीत नव्हतं.