तेल कुठे लावतात, ते आधी बघा

‘माई, माझा मुलगा चार वर्षांचा. डाऊन सिंड्रोम आहे, अजून फार बोलत नाही. दीड महिन्यापूर्वी चष्मा लागला, दोन्ही डोळ्यांना प्लस साडेचार. एक मिनिट ठेवत नाही. वाशीला ईटीसी केंद्रात (महापालिकेचं दिव्यांग मुलांसाठीचं केंद्र) थेरपीला नेताना रबाळे-घणसोलीच्या मधे त्याने तो लोकलच्या खिडकीतून फेकला. तस्साच दुसरा करून आणला. मी हात धरून ठेवते, ओरडते, चॉकलेट देते. पण मी घातला की सासूबाई काढतात! “टोचतंय गं त्याला,” म्हणतात आणि कानामागे खोबरेल तेल लावत बसतात. त्याने चष्मा आणखीच घसरतो. फ्रेम जरा वाढत्या मापाची घेतली होती, म्हणजे दोन वर्षं बघायला नको. नवरा म्हणतो, मोठा झाला की घालेल. सासूबाईंना कसं समजावू?’
– एक आई, ऐरोली

सासूबाईंना काहीही समजावू नका. तुमच्या घरात त्या मुलाकडे नीट बघणारं माणूस सध्या त्याच आहेत.

तुमचं पत्र मुळात चार पानांचं होतं, त्यातली तीन सासूबाईंवर. ती मी इथे गाळली आहेत. तेलाची ओळ मात्र ठेवली, कारण सगळं उत्तर तिच्यात आहे. कानामागे तेल कुणी हौसेने लावत नाही. आज दुपारी त्याला खिडकीशी उजेडात बसवा, कानाची पाळी हलकेच पुढे वाकवा आणि बघा. लाल वळ दिसेल. एखाद्या वेळी कातडी सोललेलीही असेल. मग नाकाच्या दोन्ही बाजू बघा, गालांचे उंचवटे बघा. दीड महिना जे पोर बोलून सांगू शकत नव्हतं, ते आजीने बोटाने चाचपून ओळखलं. तुम्ही मात्र त्याचे हात धरून ठेवत होतात.

आणि हे वाढत्या मापाचं काय काढलंत? एक नंबर मोठे बूट घेऊन पुढे कापूस कोंबतात, तसा चष्मा वापरता येत नाही. भिंगाचा जो बिंदू बुबुळासमोर यायला हवा, तो मोठ्या फ्रेममध्ये भलतीकडेच जातो. त्यात डाऊन सिंड्रोमच्या मुलांचं नाक बहुधा बसकं असतं, ब्रिज, म्हणजे फ्रेमचा नाकावरचा भाग, टेकायला उंचवटाच नसतो, कानही बरेचदा लहान आणि जरा खाली असतात. मग चष्मा घसरून गालावर बसतो, काड्या कानामागे पोचायच्या तिथे न पोचता भलत्या जागी रुततात आणि मूल वरच्या कडेवरून बघायला लागतं. म्हणजे चष्मा तोंडावर आणि डोळे चष्म्याबाहेर. शिवाय प्लसचं भिंग डोळ्यापासून पुढे सरकलं की त्याचा परिणामही बदलतो. डॉक्टरांनी दिलेला नंबर तो राहत नाही. टोचणारी आणि नीट न दाखवणारी वस्तू तुम्हीही फेकली असती. घणसोलीच्या आधीच.

सगळ्यात राग मला कसला आला सांगू? पहिला गेल्यावर तुम्ही ‘तस्साच’ दुसरा आणलात.

आता शनिवारी एकच काम. मुलाला आणि सासूबाईंना घेऊन चष्म्याच्या दुकानात जायचं. नुसती जुनी फ्रेम पर्समध्ये टाकून नेऊ नका, मूल समोर बसलं पाहिजे. दुकानदाराला स्पष्ट सांगा: आजच्या मापाची, कमी उंचीच्या ब्रिजची, मऊ रबरी फ्रेम दाखवा. अशा चेहऱ्यांसाठी ब्रिज आणि काड्या दोन्ही खाली बसवलेल्या फ्रेमही बनतात. तिथे नसल्या तर मागवायला लावा. भिंगं पॉलीकार्बोनेटची, कारण ती सहजी फुटत नाहीत. डोक्यामागून जाणारा इलॅस्टिकचा पट्टा घ्या, पण पट्टा आवळून ढिली फ्रेम बसवायची नाही. फ्रेम चढवली की त्याला हसवा. हसताना फ्रेम गालाने वर उचलली गेली किंवा पापण्या भिंगाला घासल्या, तर ती परत ठेवा. बुबुळ भिंगाच्या मधोमध आलं पाहिजे. आवडलेल्या रंगासाठी यात तडजोड नको. नवा चष्मा हातात आला की त्याचा नंबर यंत्रावर तपासून डॉक्टरांच्या चिठ्ठीशी ताडून मागा. दुकानदार वैतागला तर वैतागू दे.

डॉक्टरांना दोन गोष्टी विचारायच्या. नंबर काढला तेव्हा डोळ्यांत थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या होत्या का? लहान मुलं डोळ्यांवर जोर देऊन प्लसचा नंबर झाकतात, थेंबांशिवाय तो पुरता सापडत नाही. आणि जवळचं बघायला याला बायफोकल लागेल का? डाऊन सिंड्रोमच्या बऱ्याच मुलांना चष्मा असूनही जवळची नजर जुळवणं जड जातं. पुस्तक, मणी, ताटातला घास सगळं धूसर. कातडी सोललेली असेल तर तीही तिथेच दाखवा.

नवऱ्याला एवढंच वाचून दाखवा: डोळा आणि मेंदू यांची सांगड साधारण सात-आठ वर्षांपर्यंत बसत असते. आज धूसर बघणारा डोळा पुढे चष्मा लावूनही मंद राहू शकतो. तेव्हा ‘मोठा झाला की’ बंद.

नवी फ्रेम आल्यावर चष्मा आजी घालतील. त्याला जे बघायला मनापासून आवडतं, त्याच वेळी घालायचा. माशांची टाकी, मोबाइलवरची गाणी, गच्चीवरून दिसणारी लोकल, काय असेल ते. पहिले काही दिवस पाच-दहा मिनिटं पुरेत, मग हळूहळू वाढवा. दोन्ही हातांनी समोरून, काड्या कानांवर अलगद सरकवत. त्याने काढला तर न बोलता पुन्हा घालायचा. पुन्हा काढला तर कान बघायचा, वळ नसेल तर थोड्या वेळाने परत. चॉकलेट नाही, ओरडणं नाही, हात धरणं तर अजिबात नाही. तेल झोपताना लावू द्या, सकाळी पुसून घ्या. ईटीसीतल्या ताईंनाही हेच सांगा, म्हणजे तिथे एक आणि घरी एक असं व्हायला नको.

मागची तीन पानं मी जपून ठेवली आहेत. नव्या चष्म्याला महिना झाला की कळवा. त्यानंतरही सासूबाईंची तक्रार शिल्लक असेल तर तीही वाचेन.
– माई