केडगावची जुनी चर्च, शाळा आणि वस्ती कशी उभी राहिली?

पुण्याहून रेल्वेने दौंडकडे जाताना लागणारे केडगाव आधीपासूनच शेतकऱ्यांचे गाव होते. येथील जुनी चर्च, शाळा आणि नवी वस्ती मात्र पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशन या निराधार स्त्रियांच्या आश्रमामुळे उभी राहिली. त्यांनी १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी काढलेले शारदा सदन पुढच्याच वर्षी पुण्यात आले, आणि १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या निराधार मुली व विधवांना शहरात जागा पुरेना, तेव्हा त्यांना केडगावच्या मोकळ्या शेतजमिनीवर नेण्यात आले. म्हणजे येथील नवे रहिवासी जमीन शोधत आलेले नव्हते, भुकेतून वाचलेल्या स्त्रिया होत्या, आणि ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. १९०० च्या सुमारास आश्रमात दीड हजारांहून अधिक जणी राहत. लिहिण्यावाचण्याबरोबर विणकाम, शेती आणि छपाईही त्यांना शिकवली जाई. रमाबाईंची कन्या मनोरमा हिने अंध मुलींना ब्रेल शिकवले. चर्च याच आवारात आहे. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतरही येथेच छापले गेले. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावातच त्यांचे निधन झाले.