निवेदन देऊन, फोटो काढूनही मेंढपाळांचं काम का होत नाही, आणि कसं होतं

तुमचा प्रश्न वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात परत लिहितो. तुमचं गाव पारनेर तालुक्यात, घरची मेंढरं, दिवाळी झाली की वाडे, म्हणजे कळप घेऊन फिरणारी मेंढपाळांची बिऱ्हाडं, माळशेज घाट उतरून मुरबाड-भिवंडीकडे जातात, चराईवरून दरवर्षी वाद होतात, गावातलं गायरान कमी होत चाललंय, तुम्ही पोरांनी मिळून आमदार-खासदारांना निवेदनं दिली, सत्कार झाला, फोटो फेसबुकवर गेले आणि पुढं काहीच हललं नाही. आता तुम्ही विचारताय की मेंढपाळीला राजकीय पाठिंबा मिळवायचा तरी कसा.

मला यातली सगळ्यात मोठी अडचण नेत्यांच्या मनात वाटत नाही, ती मतदारयादीत आहे. मेंढपाळाचं मत एका मतदारसंघात आणि त्याचं दुखणं दुसऱ्या मतदारसंघात. तुमचं नाव पारनेरच्या यादीत, पण वाडा अडवला जातो मुरबाडला, मेंढरू चोरीला जातं भिवंडीला आणि तिथल्या आमदाराला तुमच्याकडून एक मत मिळणार नसतं, मग तो तुमच्यासाठी तिथल्या गावकऱ्यांशी वाकडेपणा का घेईल? आणि पारनेरच्या आमदाराचं घाटाखालच्या पोलीस ठाण्यात किती चालणार? त्यात विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबर २०२४ ला झालं, म्हणजे ऐन वाटचालीच्या दिवसांत, तेव्हा किती घरांतली माणसं मतदानाला गावात होती ते तुम्हीच आठवून बघा. हे सगळं राजकारण्यांना बरोबर ठाऊक असतं.

म्हणून ज्याचं मत तिथं आहे त्याला बोलतं करा, आणि तो माणूस म्हणजे ज्याच्या रानात तुमची मेंढरं बसतात तो शेतकरी. भातकापणी झाली की खाचरात मेंढरं बसवायला लोक आधीपासून सांगून ठेवतात, रात्रीचं तांदूळ नाहीतर रोख ठरतं, लेंड्या-मुताचं खत आयतं रानात पडतं, वाहतूक नाही, मजुरी नाही. देशावरसुद्धा कांद्याच्या रानात हेच चालतं. या शेतकऱ्याला तुमची गरज आहे आणि तो तिथला मतदार आहे, तरी आजवर त्याला कुणी विचारलेलंच नसतं की बाबा तू दोन ओळी लिहून देशील का.

आम्ही भोरच्या बाजूला हे केलं होतं. प्रत्येक वाड्यातल्या एका पोराला काम दिलं की ज्याच्या रानात बसाल त्याच्याकडून वहीच्या साध्या कागदावर चार गोष्टी लिहून घ्यायच्या: गट नंबर, मेंढरं किती रात्री बसली, पुढं कोणतं पीक घेतलं, आणि पुढच्या वर्षी यावीत असं वाटतं का. खाली सही आणि फोन नंबर. सीझन संपल्यावर गठ्ठा घेऊन तिथल्या आमदारांच्या कार्यालयात गेलो. पीए साहेबांनी आमचं छापील निवेदन बाजूला ठेवलं, कागदांचा गठ्ठा घेतला आणि नुसतं बोट फिरवत गावांची नावं वाचत गेले, मध्येच थांबले, एका सहीवर बोट ठेवून म्हणाले, हे तर आपल्या सोसायटीचे चेअरमन. तिथून पुढं बोलणं वेगळंच झालं, चहा आला, तालुक्याच्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना आमच्यासमोर फोन लावला गेला. तोपर्यंत आम्ही बाहेरून आलेले लोक होतो.

दुसरी गोष्ट मागणीची. ‘शाश्वत पशुपालनाला प्रोत्साहन द्यावे’ असं लिहिलेला कागद कोणत्याच टेबलावर जात नाही, कारण त्यावर नेमकं कुणी काय करायचं हेच त्यात नसतं. मागणी अशी लिहा की वाचणाऱ्याला उद्या सकाळी काय करायचं ते कळलं पाहिजे. उदाहरणार्थ, वाडे निघण्याआधी, म्हणजे दसरा-दिवाळीच्या मध्ये, अमुक तीन ठिकाणी पीपीआर आणि आंत्रविषार या मेंढरांच्या रोगांच्या लसीचा कॅम्प लावा आणि तिथंच कानाला टॅग मारा. पीपीआर २०३० पर्यंत संपवायचं हे सरकारचंच उद्दिष्ट आहे, आणि फिरता कळप लसीतून सुटला तर ते उद्दिष्ट कसं गाठणार, हा मुद्दा अधिकाऱ्यालाही पटतो. टॅगचं म्हणाल तर १ जून २०२४ पासून महाराष्ट्रात टॅगशिवाय जनावराची खरेदी-विक्री करता येत नाही, म्हणजे हा प्रश्न थेट बाजाराशी जोडलेला आहे. आणि जनावरांच्या उपचाराची १९६२ नंबरची फिरती गाडी आहेच, ती वाड्याच्या मुक्कामी येते का, की पत्ता सांगा म्हणून फोन ठेवला जातो, याची वाडेवार नोंद ठेवा, ही नोंद पुढं आमदारांच्या हातात द्यायला फार कामाची.

तसंच चराई अनुदानाचं. राज्य सरकारच्या महामेश योजनेत फिरत्या मेंढपाळ कुटुंबाला जून ते सप्टेंबर महिन्याला ६,००० असे एकूण २४,००० रुपये मिळायची तरतूद आहे, किमान २० मेंढ्या आणि १ नर असला पाहिजे. योजना चांगली आहे, मी तिच्या बाजूचाच आहे, पण आपल्या तालुक्यात उद्दिष्ट किती होतं, अर्ज किती आले, पैसे किती जणांच्या खात्यावर पडले हे गावात कुणालाच माहीत नसतं. माहिती अधिकारात विचारा, १० रुपयांचा अर्ज, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ते उत्तर हातात आलं की मग आमदारांना सांगा की यावर तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यांना सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं असा प्रश्न, टाका. आमदारांच्या कार्यालयाला तयार प्रश्न आणि आकडे लागतात, ते तुम्ही आयते नेऊन दिले तर पाठिंबा हा शब्द काढायची गरजच पडत नाही. फक्त अधिवेशनाच्या बरंच आधी द्या, अधिवेशन सुरू झाल्यावर पळापळ करून उपयोग नाही.

आता गायरान. इथं जरा नीट बोलायला हवं कारण इथं विरोधक बाहेरचा नसतो, आपलीच ग्रामपंचायत असते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये गावोगावची गायरानं सौर प्रकल्पाला जाताहेत, आणि ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख असे तीन वर्षं मिळतात. शेतकऱ्याला दिवसा वीज पाहिजे हे खरंच आहे, बिबट्याच्या भागात रात्री मोटर चालू करायला जाणाऱ्याला विचारा. म्हणून ‘सोलर नको’ म्हणत उभं राहिलात तर गावातच एकटे पडाल. त्यापेक्षा ठराव होण्याआधी ग्रामसभेत जाऊन गायरानाचा नकाशा मांडा, तळ्यावर जायची वाट कुठून आहे, पावसाळ्यात गवत कुठं येतं, मुरमाड भाग कुठला, आणि म्हणा की प्रकल्प मुरमाड भागात करा, पण पाण्याची वाट आणि गवताचा पट्टा कुंपणाबाहेर राहू द्या. ठराव एकदा मंजूर होऊन वर गेला की तो फिरवणं फार जड जातं, म्हणून ग्रामसभेची नोटीस लागली की आधी विषयपत्रिका वाचायची सवय लावा.

वनखात्याशी बोलताना त्यांना शत्रू समजून बोलू नका असं मी कळकळीने सांगतो. आपल्या माळरानांना सरकारी कागदात वर्षानुवर्षं पडीक म्हटलं गेलं, मग त्यावर चर खणले, झाडं लावली, तारा मारल्या, आणि माळ जिवंत आहे हे कुणी बघितलंच नाही. पण आता वनखात्यात आणि अभ्यासकांत बरेच लोक आहेत ज्यांना कळतं की लांडगा, खोकड, माळढोक हे गवताळ माळावरचे जीव आहेत आणि तिथं दाट झाडी लावणं चुकीचं आहे. कळप फिरता असेल तर एकाच जागी गवत मुळापासून खाल्लं जात नाही, मेंढपाळ दोन-चार दिवसांत पुढं सरकतो. हे त्यांना सांगा, आणि रोपवनात मेंढरं घुसणार नाहीत याची हमी पण स्वतःहून द्या, त्याशिवाय विश्वास बसत नाही.

कायद्याचं हत्यारही आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात कलम ३(१)(घ) मध्ये चराई, आणि भटक्या पशुपालकांचा हंगामी वापर, दोन्ही स्पष्ट लिहिलंय. आपला धनगर समाज महाराष्ट्रात अनुसूचित जमातीत नसल्यामुळं इतर पारंपरिक वननिवासी म्हणून तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा पुरावा लागतो आणि बहुतेक जण तिथंच खचतात. पण वयस्क लोकांचे लेखी जबाब पुरावा म्हणून नियमांत धरलेत, ते आजोबा-आजी आहेत तोवर घेऊन ठेवा. गुजरातेत कच्छमधल्या बन्नीच्या गवताळ पट्ट्यात मालधाऱ्यांनी, म्हणजे तिथल्या पशुपालकांनी, आधी संघटना बांधली, बन्नी म्हशीला २०१० मध्ये स्वतंत्र जातीची मान्यता मिळाली, मग सामूहिक वनहक्काचे दावे लावून धरले आणि मे २०२१ मध्ये हरित लवादानं अतिक्रमणं काढायला सांगताना त्यांचा वन राखण्याचा हक्क मान्य केला. याला वर्षं लागली, हे खरं, पण दरम्यान त्यांच्याकडे म्हैस, दूध आणि संघटना होती, नुसती तक्रार नव्हती.

धनगरांना अनुसूचित जमातीचं आरक्षण द्यावं या मागणीबद्दल कुणीतरी खाली विचारेलच म्हणून आधीच सांगतो. ती मागणी ज्यांना लढायची त्यांनी लढावी, पण मेंढरांच्या निवेदनात ती घालू नका. ती आली की बैठकीत दुसरं काही बोललंच जात नाही आणि लसीचा कॅम्प राहून जातो. शिवाय आदिवासी गावांशी संबंध बिघडतात आणि घाटाखाली तर त्यांच्याच रानातून आपल्याला जायचं असतं.

वाटेत मेंढपाळांवर होणाऱ्या हल्ल्यांच्या बाबतीत मात्र मोठी मागणी करायलाच हवी. कर्नाटकनं २०२५ मध्ये स्थलांतरित मेंढपाळांच्या संरक्षणासाठी कायदा केला, त्याचा मसुदा मिळवून वाचा आणि इथल्या आमदारांपुढं ठेवा, शेजारच्या राज्यानं केलंय म्हटलं की ‘हे शक्य नाही’ हे उत्तर देता येत नाही. २०२६ हे संयुक्त राष्ट्रांचं कुरणं आणि पशुपालकांचं वर्ष आहे, त्याचा उल्लेख पत्रात जरूर करा, मंत्रालयात अशा गोष्टीचा उपयोग होतो.

शिष्टमंडळात बायकांना न्या. मुक्कामाला पाणी कुठं मिळालं नाही, बाळंतीण झाली तर दवाखाना किती लांब, बिऱ्हाड घोड्यावर असताना पोरांची शाळा कशी सुटते, कोकरं कशी जगवली, हे सगळं त्याच सांगू शकतात, आपण पुरुष बोलायला लागलो की लगेच भांडणं आणि पोलीस ठाण्यावर येतो. आणि वाडे पावसाळ्याला गावी परत येतील तेव्हाच सगळी माणसं एकत्र सापडतील, त्यामुळं १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत गायरानाचा ठराव घ्यायचा असं धरून चाला. त्याच्या आधी चराई अनुदानाचं उत्तर हातात पाहिजे, म्हणजे माहिती अधिकाराचा अर्ज याच आठवड्यात टाका. शेतकऱ्यांच्या पत्राचा नमुना माझ्याकडे आहे, लागला तर सांगा, टाकतो.