पॉलीहाऊसमध्ये रॅकून नाही, घूस आहे. शिकरा पक्षी पाळून ती जाणार नाही

प्रश्न (मावळ): ढोबळी मिरचीच्या पॉलीहाऊसमध्ये रात्री कुठलंतरी जनावर शिरतं. मिरच्या पोखरतं, लॅटरल (ठिबकची नळी) कुरतडतं. मुलाने मोबाईलवर अमेरिकेतला व्हिडिओ दाखवला, त्यात रॅकून होता. औषधाच्या दुकानात रॅकून पळवायची पावडर मिळते म्हणतात. आणावी का?

आणू नका. रॅकून हा उत्तर अमेरिकेतला प्राणी. जर्मनीत आणि जपानात माणसांनी नेऊन सोडला म्हणून तिकडे माजला. मावळात तो नाही. जे जनावर तालुक्यात नाही त्याची पावडर जो विकतो, त्याच्याकडून बाकीची औषधंही जपूनच घ्या.

तिकडचे व्हिडिओ बघायला हरकत नाही. रॅकूनच्या पुढच्या पंजांना बोटं चांगली चालतात, साधी कडी तो उघडतो, म्हणून ते लोक दाराला दुहेरी कुलुपं लावतात. तुम्हाला कुलपाची नाही, जाळीची गरज आहे.

आधी चोर ओळखा. संध्याकाळी दाराच्या आतल्या बाजूला आणि फाटलेल्या नेटखाली चाळलेली राख किंवा रांगोळी पसरा, सकाळी ठसे बघा. बारीक ठसे आणि मधून शेपटीची रेघ असेल तर उंदीर किंवा घूस. मांजराएवढा पण पाच बोटांचा ठसा असेल तर उदमांजर, ज्याला आपल्याकडे कांडेचोरही म्हणतात. मिरची फोडून आतलं बी खाल्लंय, बेडला भोकं पडलीत, लॅटरल दातांनी कापलीय, तर ते काम उंदीर-घुशीचंच. उदमांजर पिकलेलं फळ खातं आणि त्याच्या विष्ठेत अख्ख्या बिया दिसतात. उदमांजर उंदीरही मारतं, हे विसरू नका. पुष्कळदा ते तुमच्या मिरचीसाठी नव्हे, तुमच्या उंदरांच्या मागे आत आलेलं असतं. उंदीर आटोक्यात आले की त्याच्या फेऱ्याही कमी होतात.

उदमांजर आणि मुंगूस दोन्ही संरक्षित आहेत. केळ्यात थायमेट भरून ठेवा, असं सांगणारे महाभाग अजून आहेत. थायमेट म्हणजे फोरेट हे कीटकनाशक. त्यावर २०२० अखेरपासून देशात बंदी आहे. कुणाच्या गोडाऊनमध्ये जुना डबा पडला असेल आणि तो तुम्हाला ‘खास तुमच्यासाठी’ म्हणून देत असेल, तर तो तुम्हाला गुन्ह्यात ओढतोय. ते केळं कुत्रा खाईल, शेजारचं वासरू खाईल, एखादं पोर खाईल. नका करू.

आता काय करायचं ते. पॉलीहाऊसचा पायथा बंद करा. माझा सगळा भर यावरच आहे आणि दर वेळी मी हेच सांगतो. पॉलीहाऊस उभं करताना वरच्या फिल्मवर लाखो रुपये जातात आणि खाली मातीला टेकलेला ॲप्रन (कडेचा प्लास्टिकचा पडदा) दोन विटांवर सोडून देतात. पाव इंची वेल्डमेश जाळी घ्या. जमिनीच्या वर दोन फूट, खाली दीड फूट गाडा, आणि गाडलेलं टोक बाहेरच्या बाजूला फूटभर आडवं वळवा. घूस कडेला लागून उकरत खाली जाते, आडव्या जाळीला अडते आणि सोडून देते. छोट्या उंदराला पाव इंचाची फट पुरते, म्हणून दाराखालची फट पत्र्याची पट्टी मारून बुजवा. ड्रिपची मेनलाइन आत येते तिथलं भोक सिमेंटने भरा. हे भोक मी पाहिलेल्या बहुतेक पॉलीहाऊसमध्ये उघडं असतं. साइड व्हेंटचं फाटलेलं नेट त्याच दिवशी शिवा. छताला टेकणारी आंब्या-जांभळाची फांदी छाटा, उदमांजर तिथूनच उतरतं. बाहेर चारी बाजूंनी तीन-चार फुटांचा पट्टा तणमुक्त ठेवा. काढून टाकलेली खराब मिरची बांधावर फेकू नका, खड्ड्यात पुरा.

आवाजाची मशिनं, निळे दिवे, कोल्ह्याच्या मुताच्या बाटल्या यावर पैसे घालू नका. चार दिवसांत जनावर सरावतं. कुंपणाला थेट लाइट सोडण्याचं तर नावही काढू नका, त्यात माणसं मेली आहेत. झटका मशीन वेगळं, आकडा टाकून सोडलेली तार वेगळी.

प्रश्न (खेड): दुकानदार म्हणतो, झिंक फॉस्फाईड दुप्पट टाका, नाहीतर घूस मरत नाही. किती टाकू?

दुप्पट टाकू नका. पुन्हा सांगतो, दुप्पट टाकू नका. जास्त विषाने उंदीर जास्त मरत नाहीत. झिंक फॉस्फाईडला लसणासारखा उग्र वास असतो. प्रमाण वाढलं की उंदीर एक घास खातो, त्याला त्रास होतो आणि तो पुन्हा त्या आमिषाला तोंड लावत नाही. मग तो दुकानदार ‘आता दुसरी कंपनी घ्या’ म्हणतो. त्याची विक्री दोनदा होते, तुमचे उंदीर तिथेच.

एक किलो आमिषाला ज्वारी किंवा गव्हाचा भरडा ९६० ग्रॅम, गोडेतेल २० ग्रॅम, झिंक फॉस्फाईड २० ग्रॅम. बस. आदल्या संध्याकाळी सगळी बिळं मातीने बुजवा. सकाळी जी उकरलेली दिसतील तीच जिवंत, बाकीच्यांत विष घालून वाया घालवू नका. पहिले दोन दिवस नुसता भरडा आणि तेल, विष न घालता ठेवा. उंदीर नवी वस्तू आधी चाखून बघतो, भरवसा बसला की खातो. तिसऱ्या संध्याकाळी विषाचं आमिष, दहा-दहा ग्रॅमच्या कागदी पुड्या करून प्रत्येक जिवंत बिळात आत सारा आणि बीळ बुजवा. काठीने कालवा, हातमोजे घाला, उघड्यावर पसरू नका. यावर उतारा नाही. पोटात गेलं तर घरगुती उपाय करत बसू नका, डबा बरोबर घेऊन थेट दवाखाना गाठा.

झिंक फॉस्फाईड पॉलीहाऊसच्या आत नको. आत ओल असते, ओलीने त्याचा विषारी वायू होतो आणि बंद जागेत तुमचेच मजूर काम करतात. बाहेरच्या बांधावर, कोरड्या जमिनीत वापरा. एकाच हंगामात पुन्हा पुन्हा तेच नको. पंधरा दिवसांनी उरलेल्या जिवंत बिळांसाठी ब्रोमाडिओलोन या दुसऱ्या उंदीरनाशकाची ०.००५ टक्क्याची तयार वडी घ्या. तिचा असर दिसायला आठवडा लागतो. तिसऱ्या दिवशी ‘काहीच झालं नाही’ म्हणून दुकानात गेलात की तो अजून दोन पाकिटं देईल. घेऊ नका. मेलेले उंदीर रोज सकाळी गोळा करून खोल पुरा. ते घुबडाने किंवा घारीने खाल्ले तर ते पक्षीही मरतात.

सेल्फॉसच्या गोळ्या, म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाईड, सुट्या विकायला आणि तुम्ही स्वतः वापरायला परवानगी नाही. तरी पुडीत बांधून देणारे आहेत. पॉलीहाऊसमध्ये तर त्या मृत्यूच आहेत.

वेळ चुकवू नका. मे महिना ते पहिला पाऊस हा खरा काळ. शेतात खायला कमी असतं, बिळं दिसतात, पिल्लावळ वाढलेली नसते. जुलैत चिखलात टाकलेलं आमिष बुरशी खाते. आणि हे काम एकट्याने करून उपयोग नाही, शेजारच्या उसातले उंदीर आठवड्यात येतात. चार बांध मिळून एकाच दिवशी करा.

प्रश्न (मुळशी): पुण्यात ससाणा-शिकरा हातावर बसवायला शिकवणारी कार्यशाळा आहे, फी भरून प्रत्यक्ष हाताळायला मिळतं. शिकरा पाळला तर उंदीर आणि जनावरं येत नाहीत म्हणतात. तरुण मंडळ जायचं म्हणतंय.

फी भरू नका, कुणाच्या हातावर रानातला शिकरा दिसला तर वनविभागाला कळवा. १९२६ ही हेल्पलाइन आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा आहे. शिकार म्हणजे फक्त मारणं नव्हे, पकडणं आणि फासा लावणंही त्यात येतं. पहिल्या अनुसूचीतल्या, म्हणजे सर्वांत कडक संरक्षण असलेल्या, प्राण्या-पक्ष्यासाठी किमान तीन वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे. तुमच्या पोरांना एका फोटोसाठी ते परवडणार नाही.

ससाणे पाळण्याची कला खोटी नाही. संस्थानिकांच्या काळात आपल्याकडे ती होती, अरबस्तानात आजही आहे, युनेस्कोने २०१० मध्ये तिला सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. ब्रिटनमध्ये पिंजऱ्यात जन्मलेले पक्षी घेऊन अशा कार्यशाळा चालतात. अमेरिकेत तर परवाना लागतो, आधी परीक्षा आणि मग जाणत्याच्या हाताखाली दोन वर्षं उमेदवारी. तिथले द्राक्षबागवाले ससाणा उडवतात तो दिवसा येणाऱ्या पाखरांसाठी. शिकरा रात्री बघत नाही, घूस रात्री येते. शिकऱ्याचं वजन फार तर अडीचशे ग्रॅमच्या आसपास आणि उदमांजर दोन ते पाच किलोचं. कोण कुणाला पळवेल ते तुम्हीच ठरवा. आणि नेट लावलेल्या पॉलीहाऊसमध्ये तो उडणार कुठे?

रात्रीचा शिकारी हवा असेल तर गव्हाणी घुबड बोलवा. फुकट येतं. दोन फूट लांब, दीड फूट रुंद आणि उंच लाकडी पेटी, सहा इंची तोंड. बारा-पंधरा फूट उंच खांबावर, तोंड पूर्वेला ठेवा, म्हणजे पश्चिमेची झड आत जाणार नाही. खांबाला मधोमध गुळगुळीत पत्रा गुंडाळा, उदमांजर वर चढून पिल्लं खातं. आवारात रात्रभर दिवे नकोत. आसपास ब्रोमाडिओलोन पूर्ण थांबवल्यावरच पेटी बसवा, नाहीतर ती सापळा होते. घुबड अशुभ म्हणून पेटी काढायला लावणारे आजी-आजोबा घरात असतील, तर त्यांना सकाळी पेटीखाली पडलेल्या, घुबडाने ओकलेल्या गोळ्या फोडून दाखवा. आत उंदरांच्या कवट्या निघतात.

प्रश्न (शिरूर): जाळीला अनुदान आहे का?

संरक्षित शेतीच्या घटकात महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज करा. पूर्वसंमतीचं पत्र हातात येण्याआधी काम सुरू केलं तर अनुदान मिळत नाही. पायथ्याची जाळी अंदाजपत्रकात आहे का, हे पॉलीहाऊस उभारणाऱ्या कंपनीकडून लेखी घ्या, ती बऱ्याचदा गाळलेली असते. पुढचं तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे विचारा.