पहिलं अजिंक्यपद तेराव्या हंगामात

प्रश्न : मॅडम, मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या महाविद्यालयात मी यंदा शारीरिक शिक्षण संचालक म्हणून रुजू झाले. मुलींचा बास्केटबॉल संघ आहे, पण नावाला. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा जवळ आली की पंधरा दिवस गोळा होतो आणि पहिल्याच फेरीत हरून परत येतो. प्राचार्यांचं म्हणणं, 'दोन वर्षांत ट्रॉफी दिसली पाहिजे.' मागच्या अंकात तुम्ही अमेरिकेतल्या टेनेसी विद्यापीठाच्या महिला बास्केटबॉल प्रशिक्षक पॅट समिट यांचा ओझरता उल्लेख केला होता. त्यांनी संघ कसा उभा केला, हे सविस्तर सांगाल का? आणि आमच्यासारख्यांना त्यातलं काय घेता येईल?

उत्तर : प्राचार्यांना आधी एक हिशेब दाखवा. समिटबाईंनी संघ हाती घेतला 1974 मध्ये. राष्ट्रीय अजिंक्यपद पहिल्यांदा मिळालं 1987 मध्ये, म्हणजे तेराव्या हंगामात. पुढे मात्र रांगच लागली, एकूण आठ अजिंक्यपदं. 38 हंगामांत 1098 विजय आणि 208 पराभव. पण हा हिशेब अर्धाच सांगून सवलत मागू नका. पहिल्याच हंगामात त्यांचा संघ 16 सामने जिंकला आणि आठ हरला. जिंकण्यापेक्षा हरणं जास्त, असा हंगाम त्यांच्या वाट्याला कधीच आला नाही. ट्रॉफीला वेळ लागतो हे खरं, पण संघ सुधारतोय हे पहिल्या वर्षापासून दिसायला हवं.

सुरुवात तुमच्यापेक्षा काही फार बरी नव्हती. टेनेसीतल्या शेतकऱ्याची मुलगी. घरी तंबाखूचं पीक, गवत कापणी, गुरं, आणि मोठ्या भावांबरोबर गोठ्याच्या माळ्यावर रिंग लावून खेळणं. गावच्या शाळेत मुलींचा संघ नव्हता म्हणून वडिलांनी कुटुंबाचं बिऱ्हाडच शेजारच्या गावाला हलवलं. (असा बाप मिळाला की अर्धं प्रशिक्षण झालंच समजा.) टेनेसी विद्यापीठात त्या गेल्या होत्या पदव्युत्तर शिक्षण घेत साहाय्यक म्हणून काम करायला. मुख्य प्रशिक्षक अभ्यासरजेवर गेल्या आणि 22 वर्षांच्या या मुलीच्या गळ्यात संघ पडला. महिन्याला 250 डॉलर. काही खेळाडू तिच्यापेक्षा वर्षभरानेच लहान. गणवेश तिनेच धुवायचे, व्हॅन तिनेच चालवायची. अंगावरचे गणवेशही आधीच्या वर्षी डोनट विकून जमवलेल्या पैशातले. एका दौऱ्यात हॉटेल परवडेना, तर सगळा संघ प्रतिस्पर्धी कॉलेजच्या जिममध्येच झोपला. त्यात स्वतःचा गुडघा दुखावलेला, आणि 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकला खेळाडू म्हणून जायचं ठरवलेलं. गेलीही, रौप्यपदक घेऊन आली. प्रशिक्षक म्हणून पहिला सामना मात्र मर्सर विद्यापीठाविरुद्ध 84-83 असा एका गुणाने हरली.

आता तुमच्या कामाचं.

पहिली गोष्ट वर्गातली. समिटबाईंचा नियम होता की खेळाडूंनी वर्गात पहिल्या तीन रांगांतच बसायचं, आणि कारणाशिवाय तास बुडवला तर सामन्यात बाकावर बसवणार. 38 वर्षांत ज्या ज्या मुली त्यांच्याकडे पूर्ण मुदत खेळल्या, त्या सगळ्यांनी पदवी घेतली. आपल्याकडे याच्या उलट चालतं. खेळाडू म्हणजे हजेरीत सूट, ग्रेस गुण, 'मॅडम, सही करून द्या.' मग प्राध्यापक वैतागतात, पालक मुलीला सरावाला पाठवत नाहीत आणि दुसऱ्या वर्षाला निम्मा संघ गळतो. तुमचा खरा शत्रू ही गळती आहे. तीन वर्षं तीच सहा मुली टिकल्या तर संघ आपोआप बरा होतो, हे मी विदर्भातल्या कॉलेजांत पुन्हा पुन्हा पाहिलंय. म्हणून जून-जुलैतच मुलींचं वेळापत्रक मागून घ्या, इतर प्राध्यापकांना जाऊन भेटा आणि सांगा, 'माझी मुलगी तासाला नसेल तर मला फोन करा.' एवढं केलंत की स्पर्धेच्या काळात रजेचा अर्ज कोणी अडवत नाही.

दुसरी गोष्ट, मुली आणायच्या कुठून? इथे बाईंनी जे केलं ते मला त्यांच्या अजिंक्यपदांपेक्षा मोठं वाटतं. त्या काळी टेनेसीच्या शाळांत मुली सहा-सहाचा खेळ खेळत. तिघी फक्त आक्रमणाच्या अर्ध्या भागात, तिघी फक्त बचावाच्या; मधली रेघ ओलांडायची नाही. मुलींना पूर्ण कोर्ट झेपत नाही, असा त्यामागचा समज. परिणाम असा की घरच्या राज्यातल्या मुली कॉलेजात यायच्या तेव्हा त्यांना अर्धाच खेळ येत असे. एकीला बास्केट करता येई पण कोणाला अडवता येत नसे, दुसरीचं नेमकं उलट. समिटबाई या पद्धतीविरुद्ध उघड बोलल्या, आणि अखेर 1979 मध्ये तिथल्या शाळांनी पाच-पाचचा खेळ स्वीकारला. म्हणजे चांगल्या खेळाडू कधी येतील याची वाट पाहत न बसता त्यांनी शाळांचा खेळच बदलायला लावला.

तुमच्या तालुक्यात शाळांत बास्केटबॉलचे बोर्डच नसतील, पण खो-खो असेलच. खो-खोची चांगली मुलगी पळता पळता क्षणात दिशा बदलते, खाली वाकून राहू शकते आणि समोरचीच्या खांद्याकडे बघून ती कुठे वळणार ते ओळखते. बचावाला याहून वेगळं काय लागतं? ड्रिबल शिकवता येतं. पायांची ती चपळाई एकोणिसाव्या वर्षी शिकवायला घ्याल तर थकून जाल. हँडबॉलच्या मुली मिळाल्या तर पास आयता मिळतो. आजूबाजूच्या चार शाळांना रविवारी सकाळी तुमचं कोर्ट खुलं करा आणि आठवीच्या मुली येऊ द्या. त्याचं फळ पाच वर्षांनी मिळेल, तोवर तुमची बदली झालेली असली तरी चालेल.

तिसरी गोष्ट सरावाची. बाईंनी सरावाला मुलांचा संघ समोर उभा केला. कॉलेजातले हौशी खेळाडू मुलगे, ताकदीने आणि उडीने वरचढ. त्यांच्याविरुद्ध रिबाउंड (नेम हुकून रिंगवरून परतलेला बॉल) काढायची सवय झाली की सामन्यातली प्रतिस्पर्धी मुलगी तेवढी अवघड वाटत नाही. याला पैसा लागत नाही. तुमच्या मुलांच्या संघातले चार जण आठवड्यातून दोनदा अर्धा तास थांबवले की झालं. 'मुलगे कशाला?' असं कोणी विचारलं तर प्राचार्यांना स्वतः येऊन एकदा सराव बघायला सांगा.

आणि बाईंची मला सगळ्यात पटलेली गोष्ट, जी आपण जवळजवळ कधीच करत नाही : त्या मुद्दाम तगड्या संघांशी सामने ठरवायच्या. 1996-97 च्या हंगामात त्यांचा संघ दहा सामने हरला होता. वर्तमानपत्रांनी नाद सोडला होता. पण त्या दहा पराभवांत मुली कठीण सामने खेळून तयार झाल्या होत्या. बाद फेरीत समोर आला कनेक्टिकट विद्यापीठाचा संघ, त्या हंगामात एकही सामना न हरलेला. त्याला 91-81 हरवलं आणि पुढे अजिंक्यपदही घेतलं. लगेच पुढच्या वर्षी 39 पैकी 39 सामने जिंकले. आपण काय करतो? शेजारच्या कॉलेजचा त्याहून कच्चा संघ बोलावतो, 40-12 ने जिंकतो आणि फोटो वर्तमानपत्राला पाठवतो. त्यापेक्षा लातूर, छत्रपती संभाजीनगर, पुणे, जिथे चांगला क्लब असेल तिथे एसटीने मुलींना घेऊन जा आणि हरून या. येताना गाडीत प्रत्येकीला एकच प्रश्न विचारा : 'तुझ्या हातून बॉल कसा गेला?'

डावपेचांची पुस्तकं पहिल्या वर्षी बंद ठेवा. मॅन-टू-मॅन बचाव (प्रत्येकीने आपापल्या एकीला अडवायचं), बॉक्स-आउट (रिबाउंडसाठी समोरचीला पाठीने मागे रोखणं), दोन्ही हातांनी ले-अप (पळत जाऊन रिंगजवळून टाकलेला बॉल) आणि दमल्यावर फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारा मोकळा नेम), एवढंच पुरे. समिटबाईंचाही भर बचाव आणि रिबाउंडवरच होता. नेम एखाद्या दिवशी रुसतो. रिबाउंडचं तसं नसतं, तो मेहनतीचा असतो.

प्रश्न : ताई, मी एसवायला आहे. आमचे सर फार ओरडतात. चूक झाली की सगळ्यांसमोर. मला रडू येतं आणि मग पुढचे पासही चुकतात. मोठे प्रशिक्षक असेच असतात का? मी खेळ सोडू का?

उत्तर : अगं, सोडू नकोस एवढ्यात. मोठे प्रशिक्षक कडक असतात, हे खरंच. समिटबाईंची नजर तर प्रसिद्ध होती. ओरडायच्या आधीच मुली सरळ व्हायच्या. सुरुवातीच्या काळात एकदा संघ रात्री पार्टी करून आला, तर त्यांनी कोर्टच्या कडेने कचऱ्याचे डबे मांडून मुलींना ओकारी येईस्तोवर पळवलं, असा किस्सा सांगतात. मला तो कौतुकाने सांगावासा वाटत नाही. आज कोणी असं केलं तर मी त्याची तक्रारच करीन.

पण त्यांच्याच संघातली एक पद्धत तुझ्या कामाची आहे. चूक दाखवली की खेळाडूने मोठ्याने म्हणायचं, 'रिबाउंड'. म्हणजे ऐकलं, पुढचा बॉल माझा. कौतुक झालं की म्हणायचं, 'टू पॉइंट्स'. दोन्ही मनाला लावून न घेता खेळ चालू. यातली गंमत अशी की बोलणाऱ्यालाही उत्तर येतं, त्यामुळे तो तेच तेच ओरडत बसत नाही. तू तुझ्यापुरतं सुरू कर. सर ओरडले की मान खाली घालू नकोस, त्यांच्याकडे बघून 'हो सर, डावीकडून अडवते' असं म्हण. चूक नेमकी काय ते तुझ्या तोंडून आलं की निम्मे सर शांत होतात.

उरलेले निम्मे? ओरडण्यात खेळ असेल तर सहन कर. पण तुझ्या शरीरावर, जातीवर, घरच्यांवर बोलणं असेल किंवा अंगाला हात लावणं असेल, तर ते प्रशिक्षण नव्हे. कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीकडे लेखी दे, आणि एकटी जाऊ नकोस, आईला किंवा एखाद्या मॅडमना सोबत घे.

प्रश्न : माझी मुलगी अकरावीत आहे, उंची पाच फूट अकरा, राज्य स्पर्धा खेळली आहे. एक एजंट म्हणतो, अमेरिकेत बास्केटबॉलवर पूर्ण शिष्यवृत्ती मिळवून देतो, आधी दोन लाख भरा. खरं असतं का हे? – एक पालक, पुणे

उत्तर : शिष्यवृत्ती खरी असते, एजंटचा शब्द नाही. भारताची कविता अकुला अशा शिष्यवृत्तीवर ग्रँड कॅनियन विद्यापीठाकडून खेळली आहे, तेव्हा अशक्य काही नाही. पण तिथे कॉलेजांचे तीन स्तर असतात. वरच्या दोन स्तरांत खेळावर शिष्यवृत्ती देतात. तिसऱ्या स्तरात खेळासाठी एक डॉलरही मिळत नाही, फक्त अभ्यास किंवा गरज बघून मदत होते. एजंट कुठल्या स्तराबद्दल बोलतोय ते आधी विचारा. बहुतेक वेळा तिथेच तो अडखळतो. वरच्या दोन स्तरांत खेळायचं तर नववीपासूनचे गुण तपासले जातात, म्हणून गुणपत्रिका जपून ठेवा आणि बारावीत विषय सोडू देऊ नका.

कुठलाही प्रशिक्षक एजंटला नव्हे, खेळाला बघून घेतो. तुम्ही स्वतः ई-मेल करू शकता. सोबत एक-दोन अख्ख्या सामन्यांचे व्हिडिओ द्या. नुसत्या पडलेल्या बास्केटच्या क्लिपा जोडून, वर गाणं लावून पाठवू नका. त्यातून बॉल हातात नसताना मुलगी काय करते ते कळत नाही, आणि त्यांना नेमकं तेच बघायचं असतं. दरम्यान दोन लाख जवळच ठेवा. पुण्याचीच शिरीन लिमये भारताची कर्णधार झाली, त्यासाठी अमेरिकेचं कॉलेज लागलं नाही. ते पैसे चांगल्या शिबिरावर, बुटांवर आणि घोट्याच्या व्यायामासाठी फिजिओवर घालवा. पाच फूट अकरा उंचीच्या मुलीचा घोटा एकदा मुरगळला की सहा-सहा आठवडे जातात.