पहिल्या महायुद्धातला पायलट एडी रिकनबॅकर त्याची कार कंपनी बुडाल्यावर दिवाळखोर झाला होता का?

नाही, १९२७ मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं पण त्याने स्वतः दिवाळखोरी जाहीर केली नाही, डोक्यावर अडीच लाख डॉलरच्या आसपास कर्ज होतं ते कायद्याने टाळता आलं असतं तरी त्याने हळूहळू सगळं फेडलं. शत्रूची विमानं आणि बलून मिळून २६ पाडणारा हा अमेरिकेचा हिरो, कंपनीच्या गाडीवर त्याच्या ९४व्या स्क्वाड्रनचंच (हवाई तुकडीचं) चिन्ह, रिंगणात टाकलेली हॅट. गाडी खरंच चांगली होती, १९२३ मध्येच चारही चाकांना ब्रेक दिले, पण इतर कंपन्यांनी हे ब्रेक धोकादायक आहेत अशी बोंब उठवली आणि लोक बिचकले. (आज चारही चाकांना ब्रेक नसलेली गाडी कोण घेईल!) घरी बायको अ‍ॅडलेड आणि दत्तक घेतलेला मुलगा डेव्हिड, तरी कंपनी बुडाली त्याच वर्षी, १९२७ मध्ये, इंडियानापोलिसचा रेस ट्रॅक घेतला, १९३८ मध्ये ईस्टर्न एअर लाइन्स ही विमान कंपनी. फक्त एक लक्षात घ्या, कर्जफेडीची हकीकत मुख्यतः त्याच्याच आत्मचरित्रातली आहे, आणि ट्रॅकचा पैसा खिशातला नव्हता, बँकेने बाँड काढून उभा केलेला होता.