स्कूटर पास होईल हो ताई, पण ती ‘एफडी’?

इंदूरच्या रामबागेतून एका ताईंचं पत्र आलंय. २०११ ची ११० सीसी स्कूटर, येत्या नोव्हेंबरात १५ वर्षं पूर्ण होतील, तर आरसी (गाडीची नोंदणी) रिन्यू करू का सरळ ईएमआयवर नवी घेऊ? मिस्टरांचा पगार ३५ हजार, मुलं दोन. आणि शेवटी सहज लिहिल्यासारखं, "हातात काही नाही, बँकेतल्या एफडीचा वर्षाला ६० हजार प्रीमियम जातो. स्कूटरचा इन्शुरन्स तीन वर्षं झाली बंद केलाय, एवढी जुनी गाडी चोरणार कोण."

आधी स्कूटरचं बघू, ते सोपं आहे. खासगी दुचाकीला १५ वर्षं आरटीओ तपासणीला बोलवत नाही, तोवर परीक्षा काय ती पीयूसीची, म्हणजे धुराच्या तपासणीची. सुरुवातीला गाडी डोळे मिटून पास होते, मग ८-१० वर्षांनी एअर फिल्टर चोंदतो, कार्बोरेटरचं सेटिंग जातं, कार्बन मोनॉक्साइड ३.५ टक्क्यांच्या मर्यादेला टेकतो आणि पीयूसीवाला म्हणतो ट्युनिंग करून या. १५ व्या वर्षी आरटीओच्या तपासणीत ब्रेक शू, हॉर्न, इंडिकेटर, टायर, हँडलचा कोन-सेट (बेअरिंग), असं काहीतरी निघणारच, तुमचा मेकॅनिक तीन-चार हजारांत करून देईल. निळा धूर येत असेल किंवा चेसिस गंजून खाल्ली गेली असेल तरच गाडीचा नाद सोडा. रिन्यूअलची फी १,००० आणि ५ वर्षांची सुट्टी. अर्ज मुदतीच्या ६० दिवस आधीपासून करता येतो, उशीर केला तर महिन्याला ३०० रुपये जास्तीचे.

नवी साधारण लाखाची. ८० हजारांचं लोन, १२ टक्के, ३ वर्षं, म्हणजे महिन्याला २,६५०, त्यात एकूण १५ हजार व्याजाचे. पेट्रोल वाचेल म्हणता? रोजचे २० किलोमीटर, वर्षाचे ३०० दिवस, ४० च्या जागी ५० चा अ‍ॅव्हरेज धरला तरी वर्षाला ३० लिटर, तीन-सव्वातीन हजार. रिन्यू करा, विषय संपला.

आता जे विचारलंच नाही ते. एफडीला प्रीमियम नसतो हो ताई! कागद काढून बघितलेत, पाठवलेत ते बरं केलंत. ही एन्डोमेंट पॉलिसी आहे, म्हणजे बचत आणि आयुर्विमा एकत्र, १० वर्षं ६० हजार भरायचे, १५ वर्षांनी ९ लाख. बँकेतल्या त्या माणसाने "दीडपट" सांगितलं, पण हिशोब केला तर वर्षाला जेमतेम ४ टक्के पडतात, पीपीएफसुद्धा ७.१ देतं. बरं विमा म्हणावा तर कव्हर ६ लाख, मिस्टरांचा दीड वर्षाचा पगारसुद्धा नाही. तीन हप्ते गेलेत, १ लाख ८० हजार. चौथा भरायच्या आधी कंपनीकडून दोन आकडे लेखी मागा, आत्ता बंद केली तर किती आणि पेड-अप करून, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून तशीच ठेवली तर शेवटी किती. "अजून दोन वर्षं भरा मग बघू" असं कोणी म्हणालं तर ऐकू नका, त्याचं कमिशन आहे त्यात.

आणि गंमत बघा, इकडे विम्याच्या नावावर ६० हजार आणि तिकडे जो विमा खरंच हवा तो ७१४ रुपयांचा थर्ड पार्टी तुम्ही वाचवलात. सराफ्यात चौघं खायला गेलात तर तेवढे जातात. त्याचा चोरीशी काही संबंधच नाही. राजवाड्याच्या गर्दीत मिस्टरांच्या गाडीखाली कोणी आलं तर भरपाई कोर्ट ठरवतं, त्याला वरची मर्यादा नाही, आणि विमा नसला की ती तुमच्या घरातून जाते. पोलिसांचा २ हजारांचा दंड तर किरकोळ. शिवाय विमा आणि पीयूसी चालू नसेल तर आरटीओत रिन्यूअल अडणारच.

सुटलेल्या ६० हजारांतून मिस्टरांचा ५० लाखांचा टर्म प्लॅन (नुसता आयुर्विमा, बचत नाही) आधी, १०-१२ हजारांच्या घरात बसेल, उरलेले रिकरिंगमधे टाका, सहा महिन्यांचा खर्च जमेपर्यंत. स्कूटरचा विमा मात्र आज रात्रीच ऑनलाइन काढा, आणि तो निघेपर्यंत मिस्टरांना सिटी बसने जाऊ दे.